काच वाढली

नवरा धडधाकट जिवंत असताना मी तीन तास विधवा होते. गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. आणि जिनं मला विधवा केलं, तिचीच गोष्ट मला सांगायची आहे.

तिचं नाव गौरम्मा. लातुरात क्लासेसच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानाला चिकटून तिची चार फुटांची टपरी आहे. मोबाईलच्या काचेवर ती आणखी एक पातळ काच बसवते. म्हणजे मोबाईल पडला, आपटला तर वरची जाते आणि खालची वाचते. क्लासची पोरंपोरी तिला काचवाली मावशी म्हणतात. साठीच्या पुढची बाई आणि असला धंदा, मला तर ऐकूनच नवल वाटलं होतं. पण तिची ओळख व्हायच्या आधी माझ्या कपाळाचं कुंकू जायची वेळ आली, ते पहिलं सांगते.

त्या दिवशी आमचं माणूस सकाळच्या आठच्या एसटीनं लातूरला गेलं होतं. नाव मी घेत नाही. देवाचं नाव आहे आणि त्यात दगड आहे, एवढं सांगते, पुढचं तुम्ही ओळखा. नात सृष्टी तिथं क्लासला आहे, तिला धपाटे आणि शेंगाची चटणी पोचवायची होती. मुलानं, व्यंकटनं, दिवाळीला त्यांना मोठ्या काचेचा मोबाईल घेऊन दिला होता. आमचे हे त्याला सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवून गावभर हिंडायचे, छातीला बिल्ला लावल्यासारखे. मी म्हणायची, वाकलात की पडंल. तर म्हणायचे, वाकतंय कोण?

अकराच्या सुमाराला मी त्यांना फोन लावला, पोचलात का विचारायला. उचलला तो बाईनं.

पहिला धक्का तिथंच बसला. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या फोनवर बाई.

"कोण बोलायलंय?" मी म्हटलं.

"अक्का, घाबरू नका," ती बाई म्हणाली. घाबरू नका म्हटलं की माणूस घाबरतंच. "हे आजोबा तुमचे कोण?"

"माझं माणूस हाय. काय झालं?"

"एसटीतनं उतरताना पडलं बघा. दगडाच्या पायरीवर, कोपऱ्यावरच पडलं. काच वाढली, अक्का."

माझ्या कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं. ती बोलतच होती. "आता हाय तसं ठिवून उपयोग न्हाई. मी हाय जवळ. सगळं नीट करून देते, तुमी फिकीर करू नका. आता बंद करावं लागतंय." आणि फोन बंद.

आता ज्याला आमच्याकडची बोली माहीत नाही त्यानं ऐकून घ्यावं. आमच्यात बाईची बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, बांगडी वाढली म्हणतात; बायकांच्या तोंडी काच म्हणजेही बांगडीच. फुटली हा शब्द नवरा गेल्यावरचा, म्हणून कुणी जिभेवर आणत नाही. पण कुणी परकी बाई गंभीर आवाजात सांगते की माणूस पडलं, तुझी काच वाढली, सगळं करून देते, तेव्हा बाकी काय समजायचं? त्यात आम्ही मोबाईललाही 'ते' म्हणतो आणि नवऱ्यालाही 'ते'च म्हणतो. एसटीतनं पडलं ते कोण, हे मी कशाला विचारते? पडणारं माझ्या घरातलं एकच होतं.

मी खाली बसले. बसले कसली, कोसळले. ओसरीला शहाबादी फरशी आहे. त्या फरशीवर दोन्ही हात आपटले तशा डझनभर बांगड्यांचा चुरा झाला. मनगटं रक्तानं भरली. माझी जाऊ सरजाबाई शेजारच्याच घरात राहते, ती आवाज ऐकून धावत आली आणि माझे हात बघून दारातच तिनं हंबरडा फोडला. काय झालं ते तिनं विचारलंच नाही. रिकामे हात बघितल्यावर विचारायचं काय असतं?

व्यंकट शेतातून आला. तो बापाचा फोन लावायला लागला. बंद. परत लावला. बंद. सृष्टी क्लासात, तिचाही बंद. दर वेळेला ती मशीनमधली बाई सांगायची, आपण संपर्क करत असलेला नंबर बंद आहे, आणि दर वेळेला सरजा मोठ्यानं रडायची. मला रडू येईना. डोक्यात एकच चालू होतं, सकाळी मी त्यांच्याशी धड बोलले नव्हते. चटणीच्या डब्याचं झाकण सैल ठेवलं म्हणून बोलले होते.

शेजाऱ्याच्या पिकअपमधून आम्ही निघालो. वाटेतलं औसा गेलं, ते मला दिसलंही नाही. लातूरला आधी बसस्टँडवर. तिथला माणूस म्हणाला, आज कुणी पडलेलं-झडलेलं नाही. मग सरकारी दवाखान्यात. व्यंकट गाडी लावायला गेला आणि मी खिडकीपुढं उभी राहिले.

"पेशंटचं नाव?" आतली मुलगी म्हणाली.

"आमचे हे," मी म्हटलं.

"आजी, इथं येणाऱ्या सगळ्या आज्यांचे 'आमचे हे'च असतात. नाव सांगा."

मेल्यावर तरी नवऱ्याचं नाव घेता येतं का, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी सरजानं सांगितलं. मुलीनं कागद खालीवर केले आणि म्हणाली, असं नाव आज आलेलंच नाही. हा धक्का आधीच्या धक्क्यापेक्षा वाईट. मग नेलं तरी कुठं माझं माणूस?

तेवढ्यात व्यंकटचा फोन वाजला. त्यानं बघितलं. "आबाचा हाय," तो म्हणाला. कुणी उचलेना. शेवटी मीच ओढून घेतला.

"कुठं हायत रे सगळे?" आतून आवाज आला. "घरी फोन लावलालो, कुणी उचलंना. तुजी आई जेवली का?"

"तुमी हायत का?" मी म्हटलं.

"हाव, हाय की. कुठं जाऊ?"

"पडलात की तुमी."

"मी कशाला पडू? मोबाईल पडलं. नवी काच बसवून घेतली. पेरू खायलोय."

आयुष्यात नवऱ्याला दिल्या नाहीत तेवढ्या शिव्या मी त्या दवाखान्याच्या दारात दिल्या. फोनमधून मधेमधे पेरू चावल्याचा आवाज येत होता.

त्यांनी सांगितलेल्या क्लासच्या गल्लीत पोचलो तर आमचे हे स्टुलावर बसलेले, मांडीवर मोबाईल, समोर ती बाई. कपाळ मोकळं, त्यावर विभूतीची फिकट पट्टी, अंगावर करड्या रंगाचं लुगडं. व्यंकट तावातावानं पुढं झाला. "कोण तू? माज्या आईला काय सांगितलीस?"

तिनं त्याच्याकडं बघितलंच नाही. तिनं माझ्याकडंही बघितलं नाही. तिची नजर पहिली गेली ती माझ्या मनगटांवर. आणि व्यंकटला, सरजाला, आमच्या ह्यांना काही कळायच्या आत त्या बाईला सगळं कळलं. हातातला कागद गळून पडला.

"अय्यो, शिवा," ती म्हणाली. "काय बोलले मी हे."

तिनं रस्त्यावरच बसकण मारली आणि स्वतःच्या तोंडावर चापट्या मारून घेतल्या. मी तिचा हात धरला. सकाळपासून तोंडात साठवून ठेवलेलं सगळं तिच्यावर रिकामं करायचं ठरवून आले होते, पण हात धरल्यावर राहून गेलं.

"तीस वरसं बांगड्या भरल्या, अक्का," ती म्हणाली. "काच फुटली म्हणायला जीभच वळत न्हाई. ही पोरं हसतात मला. मोबाईलची काच वाढली म्हणते म्हणून. सवयीनं बोलून गेले. मग फोन बंद केला. काच लावताना बंदच करते मी, काळ्या काचंवर धुळीचा कण दिसतोय म्हणून. अन् ह्या मापाची काच दुसरीकडनं मागवावी लागली, तवर बंदच राहिला."

चहा आला. झेरॉक्सवाल्यानं आम्हाला बाकडं दिलं. आमच्या ह्यांना आता कुठं कळलं होतं की सकाळी अकरापासून ते वारले होते. पेरू अर्धा राहिला होता.

गौरम्मा निलंग्याच्या पलीकडची, कर्नाटकाच्या शिवेवरची. माहेरी बांगड्यांचाच धंदा, सासरीही तोच. ती आणि तिचा नवरा गुरुपादप्पा लातूरच्या बाजारपेठेत, गंजगोलाईच्या एका बोळात बसायचे. तो बांगड्यांच्या माळा लावायचा, ती हात भरायची. पाच तालुक्यांच्या नवऱ्या मुली तिच्याकडं चुडा भरायला यायच्या. बाईनं हात पुढं केला की बघूनच माप सांगायची. कितीही आखडलेला हात असो, बांगडी वाढायची नाही.

नऊ वर्षांमागं गुरुपादप्पा गेला. दिवस वगैरे झाले आणि ती परत दुकानात बसली.

"पहिलं गिऱ्हाईक वीस वरसांचं होतं," ती म्हणाली. "हसत आली, हात पुढं केला. मग वर बघितली. माजं कपाळ दिसलं तिला. हात असा मागं घेतला, चटका बसल्यावानी. म्हणली, आज न्हाई भरत, बांधून दे, घरी भरून घेते."

"मग?"

"मग सगळ्याच बांधून मागायल्या. मग त्या बी येईनात. विधवेच्या हातनं चुडा कोण भरंल, अक्का? बहिणीच्या पोरीच्या लग्नात चांगल्यातल्या चांगल्या बांगड्या घिऊन गेले. तर भरायला दुसरीच बोलावलेली. मी चुलीपाशी बसून कांदे चिरले. म्हणलं, डोळ्याला पाणी यायला कारण तरी हाय."

हे तिनं इतक्या सरळ सांगितलं की ऐकणाऱ्यालाच धस्स व्हावं. ज्या दिवशी तिच्या स्वतःच्या बांगड्या गेल्या, त्याच दिवशी तिचा धंदाही गेला. तिला पैशाचं दुःख नव्हतं, ते ती बोललीही नाही. तिला एकच पाहिजे होतं, कुण्या बाईनं पुन्हा तिच्यापुढं हात धरावा. नऊ वर्षांत तो कुणी धरला नव्हता.

मोबाईलचं तिला असंच सुचलं. दुकान बंदच करायचं म्हणून आवराआवर चालली होती आणि पायरीवर एक क्लासची पोरगी बसून मोबाईलला काच चिकटवत होती. आत हवेचे बुडबुडे, कडेला केस अडकलेला, पोरगी रडकुंडीला आलेली. गौरम्माला ते बघवेना. "आण इकडं," म्हणाली. तिच्या हातानं लगेच ओळखलं, हे बांगडीसारखंच काम. दुसऱ्या दिवशी त्या पोरीनं चार मैत्रिणी आणल्या. पुढं ती क्लासच्या गल्लीतच टपरी टाकून बसली.

"मोबाईल इचारत न्हाई," गौरम्मा म्हणाली, "नवरा हाय का गेला."

मी तिचं काम नंतर कितीदा तरी बघितलंय. आधी ओल्या फडक्यानं पुसते, मग कोरड्यानं, मग चिकट कागदानं एकेक कण टिपते. काच हातात धरते ती फक्त कडेनं. वरची कड टेकवते आणि सोडून देते. मधोमध एकच बोट. चिकट आपोआप पाण्यासारखं पसरत जातं. दाबाल तर बुडबुडा, म्हणते. बांगडीलाही तसंच. मनगटाशी झटायचं नसतं, अंगठ्याच्या बुडाचं हाड तेवढं आत घ्यायचं आणि हात सैल सोडायला लावायचा.

आमच्या ह्यांना तिनं त्या दिवशी चांगलंच सुनावलं. "आजोबा, वरच्या खिशात ठिवू नका. सपाट पडलं तर वाचतंय, कोपऱ्यावर पडलं की मेलं." मेलं म्हटल्यावर तिनं जीभ चावली. "किल्ल्यांच्या संगट ठिवू नका. शेतातनं आलात की खिसा झटका, वाळूचा बारका खडा काचंला लोखंडापेक्षा वाईट. अन् ह्या कव्हरची कड काचंच्या वर आलेली पाहिजे, म्हणजे पालथं ठिवलं तरी काच भुईला लागत न्हाई."

ह्यांनी मुकाट्यानं मोबाईल खालच्या खिशात घातला. मी दिवाळीपासून सांगितलेलं त्या बाईनं एका वाक्यात पटवलं.

आता माझ्या हातांचं काय, हा प्रश्न होता. रिकाम्या हातानं गावात उतरले असते तर वेशीपासून रडारड झाली असती. सरजा म्हणाली, "चल गोलाईत, सवाष्ण बघून भरून घिऊ, अन् निघू."

मी गौरम्माला विचारलं, "तुज्याकडं हायत का गं बांगड्या?"

तिनं टपरीच्या खालून पत्र्याची पेटी ओढली. वर मोबाईलच्या काचांची पाकिटं, त्याखाली जुनं लुगडं, त्याखाली बांगड्या. हिरव्यागार. नऊ वर्षांत ती त्या ना विकू शकली होती ना टाकू शकली होती. माझ्या मनगटाकडं एकदा बघून तिनं माप काढलं, डझन मोजला आणि कागदात बांधायला घेतला. "ह्या भरतील," ती म्हणाली आणि सरजाकडं बोट केलं. स्वतः भरायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. मला त्याचाच धक्का बसला. एवढी कारागीर बाई, आणि सांगायच्या आधीच बाजूला होते.

खोटं कशाला सांगू, मीही मागंच सरणार होते. मीच काय मोठी शहाणी? व्यंकटच्या बायकोची ओटी भरताना शेजारची विधवा बाई समोर बसली होती आणि मी तिच्यावरून ताट पुढं नेलं होतं. ती उठून गेली तेव्हा मला सुटल्यासारखं झालं होतं. आणि आता समोर माझा नवरा बसला होता, तासाभरापूर्वीच परत मिळालेला. त्याच्या दातात पेरूची बी अडकली होती. हे गेले तर? म्हातारपण आहे, उद्या साधा खोकला झाला तरी सगळे म्हणतील, हिनं कुणाच्या हातनं भरून घेतलं बघा.

मी ह्यांच्याकडं बघितलं.

"माज्याकडं काय बघायलीस?" ते म्हणाले. "हात तुजा हाय."

"जाणार तर तुमी ना."

"आज गेलोच होतो की. काय झालं?"

मी दोन्ही हात गौरम्मापुढं धरले.

सरजानं मागून माझा पदर ओढला. "मनकर्णा, डोकं फिरलं का तुजं? हिच्या हातनं?"

गौरम्मा मागं सरकली. "न्हाई अक्का. त्या खरं सांगायल्यात. उद्या ह्यास्नी सर्दी झाली तरी माजं नाव घेतील."

"सकाळी तू ह्यास्नी एकदा मारलंच हाईस," मी म्हटलं. "आता आणखी काय करशील?"

ती हसायला गेली आणि तिचं तोंड वाकडं झालं. माझे हात तसेच पुढं. हात धरून ठेवायला मला जड जात होतं, म्हातारी आहे मी.

शेवटी तिनं मोबाईल पुसायचं ओलं फडकं घेतलं आणि माझी मनगटं पुसली. स्पिरिटचं होतं, जखमा चरचरल्या. मग तिनं माझा डावा हात घेतला. सांधे सुजलेले, बोटं वाकडी, माझा हात आता हात राहिलेला नाही, आल्याचा गड्डा झालाय. गावातली बांगडीवाली दोन वाढवल्याशिवाय मला कधी भरत नाही. हिनं अंगठ्याखाली बोट घातलं, "सोडा अक्का, हात सोडा, माज्यावर टाका," असं हळू म्हणत राहिली आणि बांगडी कधी आत गेली ते मला कळलं नाही. एक, दोन, सहा. मग उजवा. डझन झाला तशी रीतीची एक जास्तीची तिनं विचारल्याशिवाय भरली. एकही वाढली नाही.

बांगड्या भरल्यावर भरणारीला नमस्कार करायचा असतो. मी वाकले तर तिनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले. "वयानं मोठ्या तुमी," म्हणाली. मी म्हटलं, "नमस्कार बांगड्यांचा हाय, वयाचा न्हाई. पाय काढ." तेव्हा तिनं पाय बाहेर काढले.

ह्या सगळ्यात सरजा बाजूला उभी होती. दोन्ही हात तिनं पदराखाली घेतले होते, जसं कुणी ओढून नेणारच होतं. व्यंकट पिकअप वळवायला गेला. तेव्हा सरजानं पदराखालून एक हात काढला. त्यात तिचा मोबाईल होता. काच कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकलेली आणि वर पोस्टाच्या पाकिटासारखी चिकटपट्टी लावलेली.

"ह्याला बी बसव एक," ती दुसरीकडं बघत म्हणाली. "हात न्हाई देत मी. मोबाईल देते."

"चालतंय, अक्का," गौरम्मा म्हणाली.

चिकटपट्टी सोलली, पुसलं, कण टिपले. वरची कड टेकवली. पण तिची बोटं थांबेनात. सकाळपासून शंभर काचा न हलता लावणारी ती बोटं थरथरायला लागली होती. मधोमध बोट टेकवलं ते जरा बाजूला टेकलं, आणि काचेखाली मसुराएवढा बुडबुडा राहिला. तिनं कार्डाच्या कडेनं ढकलला, गेला नाही.

"काढते अक्का, दुसरी लावते," ती म्हणाली.

"राहू दे, गाडी निघाली," सरजा म्हणाली आणि मोबाईल घेऊन पुढं जाऊन बसली.

वाटेत औसा आल्यावर म्हणाली, "एवढी मोठी कारागीर म्हणायलीस, अन् बुडबुडा ठिवली."

त्यानंतर सरजा दोनदा लातूरला जाऊन आली. गौरम्मानं माझ्याजवळ निरोप दिलाय, या, बदलून देते. सरजा काही गेली नाही, आणि काचही बदलली नाही. ओसरीवर बसली की अंगठ्यानं तो बुडबुडा दाबत असते. तो जरा सरकतो, आणि बोट उचललं की परत जागेवर येतो.